शेवटचं कळलं तेव्हा

वंदना मेश्रामला कुणी विचारलं, "बाबा कसे आहेत?" तर ती "बरे आहेत" असं कधी म्हणायची नाही. "सकाळी बरे होते," म्हणायची.

"अगं, आत्ता कसे आहेत?"

"आत्ताचं मले कसं माहीत असणार, वहिनी? शेवटचं कळलं तेव्हा बरे होते."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, बाई खडूस आहे. नंतर वाटलं, विक्षिप्त आहे. पुढं तिची सवय झाली, आणि आता पंचाईत अशी की मुलांचा फोन ठेवल्यावर यजमानांनी "काय म्हणतायत?" विचारलं, की माझ्याही तोंडात तेच शब्द येतात.

माझे यजमान फौजेत सुभेदार. जयपूरला बदली झाली तेव्हा दोन्ही मुलं वसतिगृहात गेलेली होती, आणि क्वार्टरमध्ये दिवसभर पंख्याकडे बघत बसणं माझ्याच्यानं होईना. प्रताप नगरात एका छोट्या कंपनीला हिंदी लिहिणारं आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलणारं माणूस हवं होतं. गोड बोलण्याबद्दल सातारची ख्याती नाही, पण ते त्यांना कुठं माहीत होतं! मला घेतलं.

ही कंपनी पाण्याच्या मोटारीला लावायचे डबे बनवायची. डबा मोटारीच्या बटणाशेजारी भिंतीवर बसायचा. टाकी भरली की मोटार बंद करायची, रिकामी झाली की चालू करायची, आणि केल्याची खबर आतल्या सिममधून क्लाउडला द्यायची, एवढं त्याचं काम. क्लाउडवर प्रत्येक डब्याच्या नावानं एक नोंद असते: त्यानं शेवटचं काय सांगितलं, आणि आपल्याला त्याच्याकडून काय हवंय. डबा जळो, बुडो, चोरीला जावो, ती नोंद तशीच राहते. त्या क्लाउडशी आमच्या सगळ्या प्रोग्रॅमांनी बोलायचं ते एका लायब्ररीतून, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या कोडमधून, आणि ती लायब्ररी वंदनानं एकटीनं लिहिलेली. लायब्ररी म्हटल्यावर मी पहिल्या दिवशी पुस्तकांची कपाटं शोधली होती, त्यावरून ऑफिसातली पोरं बरेच दिवस हसली.

ती ज्या भाषेत लिहायची तिला फंक्शनल म्हणतात. त्यात मला कळलेलं एवढंच, की एकदा एखादी गोष्ट अमुक म्हणून ठेवली की ती बदलता येत नाही. बदल हवा तर नवी करायची; जुनी जिथल्या तिथं राहते. आणि विचार करणारा भाग वेगळा, प्रत्यक्ष हात लावणारा भाग वेगळा. दोघांची सरमिसळ झालेली वंदनाला खपायची नाही. "आधी ठरवा, मग हात लावा," हे ती पोरांना इतकं सांगायची, की पोरं कचोरी उचलतानाही म्हणायची, "दीदी, ठरवलं आहे, आता हात लावतो."

बाई स्वतः तशीच जगायची. अर्ध्या कपात कुणी चहा ओतायला गेलं की कपावर हात ठेवायची. "नवा कप द्या ना. ह्यात ओतला तर हा चहा हा राहत नाही." मतलब काय, हे मला आजही सांगता येणार नाही, पण तिच्या टेबलावर दुपारपर्यंत अर्धेमुर्धे कप गोळा झालेले असायचे आणि ते विसळायचे कुणी, यावर रोज वाद व्हायचा.

तिच्या लायब्ररीचा एक हट्ट होता. डब्याला काही विचारायचं असेल, तर उत्तर आलंच नाही तर तुम्ही काय करणार हे आधी लिहायला लागायचं. ते लिहिल्याशिवाय प्रोग्रॅम पुढं सरकायचाच नाही. पोरं वैतागायची. "दीदी, येईलच ना उत्तर!" वंदना मान हलवायची. "येईल तर छानच आहे. नाही आलं तर काय, ते लिही."

बस्सीकडचे एक मीणाजी होते. त्यांच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली, डब्यासकट. ते फोनवर रडकुंडीला आले. मोटारीचं दुःख होतंच, पण त्यांच्या मोबाइलवर ती अजून चालू दिसत होती. "मैडम, मोटर तो चोर ले गयो, और आपका कंप्यूटर कह रहा है चल रही है! घर की औरतें डर रही हैं." मी वंदनाला म्हटलं, टाक पुसून बिचाऱ्याची नोंद. ती म्हणाली, "डब्यानं स्वतः बंद झालो असं कुठं सांगितलं?" आमचे मालक शेखावतजी येऊन ओरडून गेले. तिनं पुसलं नाही. काही आठवड्यांनी भर दुपारी तिच्या पडद्यावर त्या डब्याची ओळ हलली आणि तिथं "बंद" आलं. कुठून आलं, कुणी कुठल्या भिंतीवर तो डबा जोडला होता, देव जाणे. वंदना तेवढीच म्हणाली, "सांगितलं त्यानं." मी मीणाजींना फोन लावला, तर म्हणाले, अब जी को चैन है.

हे सगळं तिच्यात कुठून आलं ते मला तिच्या वडिलांना भेटल्यावर कळलं.

मेश्रामकाका वर्ध्याकडचे. रेल्वेत स्टेशन मास्तर होते, बदल्या होत होत जयपूरला आले आणि इथंच रिटायर झाले. बायको लवकर गेली. मोठी मुलगी नागपुरात दिली होती, धाकटी वंदना इथं, नोकरीला. वंदनाचा प्रताप नगरला स्वतःचा फ्लॅट होता, पण काका दुर्गापुऱ्याला स्टेशनच्या मागं दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहायचे, कारण व्हरांड्यातून गाड्या दिसायच्या. ऐकू जवळजवळ येत नव्हतं. फोनचा त्यांना तिटकारा. "फोनवर माणूस कायबी बोलते, पोरी," ते मला म्हणाले, "घंटीवर नाही बोलता येत."

घंटी म्हणजे जुन्या स्टेशनांतली. दोन स्टेशनांच्या मध्ये एक यंत्र असायचं. इकडच्या मास्तरानं तीन ठोके दिले की गाडी तुमच्याकडं निघाली. तिकडच्यानं चार दिले की गाडी पोचली. ऐकणाऱ्यानं तेच ठोके परत द्यायचे, म्हणजे समजलं. आणि चार येत नाहीत तोवर त्या रुळावर दुसरी गाडी सोडायची नाही, मग वरून कुणाचाही हुकूम येवो. काकांनी हे मला इतक्या गंभीरपणे समजावलं, की मला वाटलं आता माझी परीक्षा घेतात.

वंदनानं आमचा एक डबा त्यांच्या मोटारीशेजारी बसवला होता आणि त्यावर एक बटण आणि एक लाल दिवा जास्तीचा लावला होता. बाप-लेकीचा रिवाज असा: ती रोज ऑफिस सुटल्यावर बाबांकडं जायची, भाकरी टाकायची, जेवायची आणि प्रताप नगरला निघायची. स्कूटर वळणावरून दिसेनाशी झाली की काका तीन ठोके द्यायचे. वंदनाच्या मोबाइलवर टिण, टिण, टिण वाजायचं. ती घरी पोचली की मोबाइलवरून चार द्यायची, काकांच्या डब्यावरचा दिवा चारदा लागायचा, काका चार परत द्यायचे आणि मगच व्हरांड्यातला दिवा घालवून आत जायचे. एकदा मी तिच्या मागं बसून गेले होते, तेव्हा हे सगळं पाहिलं. दारात पोचल्यावर मी म्हटलं, "दे की आता चार." तर म्हणाली, "थांबा ना जी, स्कूटर आत लागू द्या. शेवटचा डबा आत आल्याशिवाय गाडी आली म्हणत नाहीत." मी हसून हसून बेजार झाले. आता ते आठवलं की हसू येत नाही.

काका गेले ते झोपेत म्हणावं तर तसंही नाही. सकाळी दूधवाल्याला ते डब्याशेजारच्या स्टुलावर भिंतीला टेकून बसलेले दिसले. डॉक्टर म्हणाले, हार्ट. रेल्वे कॉलनीतली नागपूर-वर्ध्याकडची मंडळी जमली, बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्त्या लागल्या, त्रिशरण-पंचशील झालं. घरमालकानं त्याच दिवशी मेन स्विच बंद केला आणि दोन्ही खोल्यांना कुलूप पडलं. वंदना रडली नाही. मी रात्री सोबत राहू का विचारलं, तर म्हणाली, "आमच्यात आत्मा-बित्मा मानत नाहीत, वहिनी. बाबा म्हणायचे, विझला दिवा कुठं गेला म्हणून विचारू नये. तुम्ही जा घरी."

त्यानंतर तिला पुण्याच्या एका कंपनीचं बोलावणं आलं. तिची लायब्ररी त्यांना आवडली होती. तिनं हो म्हटलं. नागपूरची बहीण म्हणाली, बरं झालं, पुण्यात दोन माणसं तरी आपली भेटतील. सगळं ठरलं होतं. शेखावतजींना दोनच गोष्टी हव्या होत्या, जायच्या आधी तिनं मुके झालेले डबे पुसून टाकावेत आणि लायब्ररीत असं करावं, की डब्यात जुन्या खबरा साठून राहिल्या असतील तर त्या फेकून द्यायच्या. दोन्ही करायला तिनं साफ नकार दिला. "कुणी काही बोललं असेल तर ते पोचायला पाहिजे, सर. उशिरा का होईना."

ती उन्हाळ्यातली दुपार होती. कूलरचा घरघराट चालला होता, मी टाकीच्या झाकणाबद्दलचं एक वाक्य तिसऱ्यांदा लिहीत होते. वंदनाचा मोबाइल टेबलावर पडला होता. त्यातून आलं, टिण. मग टिण. मग टिण. एकसारख्या अंतरानं.

सगळ्या ऑफिसला तो आवाज ठाऊक होता. पोरांनी माना वर केल्या. वंदनानं मोबाइल उचलला नाही, आधी पडद्यावर बघितलं. मग उठून तिच्या टेबलापर्यंत मला हातानं धरून नेलं. दुर्गापुऱ्याच्या ओळीवर तीन ठोके होते.

भुतांवर माझा विश्वास नाही. फौजेच्या क्वार्टरांमध्ये आधीच्या माणसांच्या इतक्या गोष्टी सांगतात, की विश्वास असता तर एकाही घरात झोप लागली नसती. आणि याचा तर उलगडाही तासाभरात झाला. घरमालकानं चुना मारायला माणसं लावली होती, त्यासाठी मेन स्विच चालू केला, डबा जागा झाला आणि पोटात अडकलेली खबर त्यानं देऊन टाकली. खबरेवर वेळ होती ती काका गेले त्या रात्रीची. दुसऱ्या दिवशी कुठलीशी भरती परीक्षा होती म्हणून शहरातलं मोबाइल इंटरनेट त्या रात्रीपासून बंद होतं, इथं ते नेहमीचंच. ते बंद झाल्यावर काकांनी बटण दाबलं होतं. खबर डब्यातच राहिली, आणि नेट परत येण्याआधी घरमालकानं वीज तोडली. बस, एवढंच. सगळं तिच्या लायब्ररीनं नियमाप्रमाणं केलं होतं. एखादं भूत निघालं असतं तर मी नारळ फोडून मोकळी झाले असते. ह्याचं काय करायचं तेच कळेना.

कारण वंदनानं मग मला त्या रात्रीचं सांगितलं. काकांना ताप होता. ती निघाली, त्यांनी तीन दिले. वाटेत सांगानेरला तिची स्कूटर पंक्चर झाली, पंक्चरवाला जेवायला गेलेला. बाबा तापात स्टुलावर ताटकळत बसतील म्हणून तिनं तिथूनच, रस्त्यावरून, चार देऊन टाकले. काकांनी लगेच चार परत दिले.

"मी खोटी लाइन दिली, वहिनी. गाडी रस्त्यात होती आणि मी पोचली म्हणून सांगितलं. त्यांची लाइन मोकळी झाली. मग त्यांनी दुसरी गाडी सोडली."

"अगं, म्हातारं माणूस, तापात हात लागला असेल बटणाला."

"तीनदा? एकसारख्या अंतरानं?"

तिनं मोबाइल घेतला आणि तीन ठोके परत दिले, समजलं म्हणून. दुर्गापुऱ्याच्या त्या रिकाम्या घरात चुना मारणाऱ्या माणसांसमोर लाल दिवा तीनदा लागला असेल.

त्या दिवसापासून वंदना थांबली. पुण्याला नाही म्हणून कळवलं. नागपूरला बहिणीकडं चार दिवस जा म्हटलं तर म्हणाली, "कशी जाऊ? एक गाडी लाइनवर आहे. ती माझ्याकडं निघाली आहे. ती आल्याशिवाय मला चार देता येत नाहीत आणि आता न बघता मी देणार नाही." संध्याकाळी फ्लॅटच्या बाल्कनीत दिवा लावून ती रस्त्याकडं तोंड करून बसायची. शेजारचे शर्माजी मला म्हणाले, मैडम किसी का इंतज़ार करती हैं क्या? ऑफिसात तिचे कप आता भरलेलेच राहायचे. गळ्याची हाडं दिसायला लागली. मला तिची माया यायची आणि रागही यायचा. एकदा मी चिडून म्हटलं, "तुझी लायब्ररी सगळ्यांना छळते ना, उत्तर नाही आलं तर काय करशील ते लिही म्हणून? मग तू लिही की!"

तिनं समोरचा भरलेला कप बाजूला सारला. मग म्हणाली, "ते मी लिहिलंच नाही, वहिनी. बाकी सगळ्यांसाठी लिहिलं."

तिला मी शेवटचं पाहिलं ते दुर्गापुऱ्यालाच. यजमानांची बदली आली होती, आमचं सामान बांधून झालं होतं. घरमालकाला नवे भाडेकरू मिळाले होते आणि भिंतीवरचा डबा काढून न्या म्हणून त्याचे फोन येत होते. ती टाळत होती. मी म्हटलं, मी आहे तोवर चल, दोघी जाऊ.

दिवस मावळत होता. घराला अजून चुन्याचा वास होता. व्हरांड्यातला दिवा वंदनानं गेल्या गेल्या लावला. मग मोबाइल माझ्या हातात दिला. "धरा. काही वाजलं तर सांगा." तिनं पेचकसानं डबा सोडवला, तारा काढल्या. त्याच वेळी स्टेशनातून एक गाडी सुटली. डबा हातात तसाच, तारा लोंबताहेत, अशी ती व्हरांड्यात आली आणि वडील उभे राहायचे तशी कठड्याला धरून उभी राहिली. गाडी गेली. शेवटच्या डब्यामागचा लाल दिवा लहान होत होत दिसेनासा झाला.

आणि तिच्या हातातल्या डब्यावरचा दिवा लागला. विझला. परत लागला. मी मोजत नव्हते, पण मोजायची गरजही नव्हती. चार.

वंदनानं माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही दाबलं?"

मी मोबाइल पुढं केला. पडदा काळा होता. "नाही गं. माझं बोटसुद्धा लागलं नाही."

"शपथ?"

"माझ्या पोरांची शपथ."

ऑफिसातल्या पोरांनी मला नंतर फोनवर समजावलं, की डब्यात घटकाभर टिकणारी छोटी बॅटरी असते, चुन्याच्या दिवसांत ती भरली असणार, आणि वंदनाचे सांगानेरहून दिलेले चार कुठंतरी अडकून दुसऱ्यांदा आले असणार. असं क्वचित होतं म्हणे. होत असेल. मला तेव्हा एवढंच दिसत होतं, की वंदना त्या डब्याकडं बघते आहे आणि तिचा चेहरा हळूहळू सैल होतो आहे.

"मी नव्हतेच, वहिनी," ती म्हणाली. "मतलब, त्या टोकाला मी नव्हतेच. मी उगाच वाट बघत बसली. गाडी माझ्याकडं सोडलीच नव्हती त्यांनी."

कुणाकडं मग, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं आणि मी ते गिळलं. ती स्टुलावर बसली, वडील बसायचे त्याच स्टुलावर. डबा मांडीवर घेतला. मास्तर जागेवर नव्हता, म्हणून मास्तराच्या वतीनं तिनं बटण दाबून चार ठोके परत दिले, सावकाश, एकसारख्या अंतरानं. माझ्या हातातला मोबाइल चारदा वाजला.

मग ती उठली आणि व्हरांड्यातला दिवा तिनं घालवला.

मी रिक्षात बसले तेव्हा ती फाटकाला कुलूप लावत होती. मला राहवलं नाही, रिक्षातूनच ओरडले, "वंदना, बरी आहेस ना गं?"

अंधारात तिचा चेहरा दिसत नव्हता. नुसता आवाज आला, आणि इतक्या वर्षांत त्या आवाजात असं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

"बरी आहे, वहिनी. बाबा पोचले."